अलेक्झांडरची कबर: हरवली कधी, शोधायची कुठे?

चौथ्या शतकाच्या अखेरीस जॉन क्रिसोस्टोम या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने आपल्या श्रोत्यांना प्रवचनात आव्हान दिले: अलेक्झांडरची कबर कुठे आहे ते मला दाखवा. त्याचा रोख वेगळा होता. जग जिंकणाऱ्या राजाचे थडगे त्याच्याच लोकांना ठाऊक नाही, पण मासे धरणाऱ्या आणि तंबू शिवणाऱ्या ख्रिस्तशिष्यांच्या समाध्यांपुढे राजे वाकतात, हे त्याला सांगायचे होते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र या वाक्यात धर्मापेक्षा अधिक मोलाचे काही सापडते. इ. स. २१५ मध्ये रोमन सम्राट कॅराकॅला याच कबरीपाशी उभा होता. त्याने अंगावरचा जांभळा झगा, अंगठ्या आणि कमरपट्टा काढून शवपेटीवर ठेवला. त्यानंतर दोनशे वर्षेही उलटली नाहीत, तोच ‘कबर कुठे आहे?’ हा प्रश्न भर सभेत विचारता येऊ लागला आणि त्याला उत्तर मिळणार नाही याची विचारणाऱ्याला खात्री होती.

तेव्हापासून हा प्रश्न सुटलेला नाही. इजिप्तच्या वाळवंटापासून ग्रीसमधल्या टेकाडांपर्यंत, व्हेनिसच्या चर्चपासून अलेक्झांड्रियातल्या मशिदीपर्यंत माणसे ही कबर शोधत आली. या साऱ्या धडपडीकडे बहुतेक वेळा खजिन्याचा शोध म्हणून पाहिले जाते आणि मला वाटते, शोध तिथेच फसतो. हे प्रेत जवळपास साडेपाचशे वर्षे राज्यकर्त्यांच्या राजकारणातली एक मौल्यवान वस्तू होते. ज्यांना त्याची गरज होती त्यांनी ते पळवले, सजवले, जपले. ती गरज संपली तेव्हा कबर हरवली. म्हणून ‘कुठे’ विचारण्याआधी ‘कोणाला हवी होती’ हे पाहावे लागते.

अलेक्झांडर इ. स. पू. ३२३ च्या जूनमध्ये बॅबिलॉनमध्ये वारला. वय ३२. झेलमच्या काठी पोरसशी लढून त्याला तीनच वर्षे झाली होती. आपल्याकडे त्याच्या मृत्यूची एक कथा घराघरांत माहीत आहे: मरताना त्याने सांगितले की माझे दोन्ही हात तिरडीबाहेर ठेवा, म्हणजे सिकंदर रिकाम्या हाताने गेला हे जगाला कळेल. कथा सुंदर आहे, पण प्राचीन ग्रीक-रोमन चरित्रकारांपैकी कोणीही ती सांगत नाही. त्यांनी सांगितलेली अंत्ययात्रा याच्या अगदी उलट आहे. इतिहासकार डायोडोरसच्या वर्णनाप्रमाणे शववाहक रथ तयार करायला जवळजवळ दोन वर्षे लागली. आत सोन्याची शवपेटी, तीत सुगंधी द्रव्ये, वर सोन्याचे छत, भोवती सोन्याचे खांब, आणि हे सारे ओढायला ६४ खेचरे. वाटेवरच्या गावांतून लोक बघायला लोटत.

हा रथ निघाला तेव्हा गादीला समर्थ वारस नव्हता. सावत्र भाऊ मनाने दुबळा, मुलगा तान्हा. साम्राज्य सेनापतींच्या हातात होते आणि मॅसेडोनियाच्या परंपरेत मेलेल्या राजाचे दफन करणे हे पुढच्या राजाचे काम होते. साहजिकच प्रेत ज्याच्या ताब्यात, त्याचा दावा बळकट. इजिप्तचा कारभारी टॉलेमी हे नेमके ओळखून होता. त्याने सैन्य घेऊन सीरियात रथ गाठला आणि तो मेम्फिसला वळवला. साम्राज्याचा पालक म्हणवणारा पर्डिकस चिडून इजिप्तवर चालून गेला. नाईल ओलांडताना त्याची २,००० हून अधिक माणसे बुडाली किंवा मगरींच्या तोंडी गेली, असे डायोडोरस सांगतो. शेवटी पर्डिकसच्याच अधिकाऱ्यांनी त्याला तंबूत ठार केले. ज्या भूमीत हे प्रेत विसावेल ती भूमी अजिंक्य राहील, अशी एक भविष्यवाणीही पुढे सांगितली जाऊ लागली. भविष्यवाणी खरी असो वा रचलेली, टॉलेमीचे घराणे इजिप्तवर पुढची जवळपास तीनशे वर्षे टिकले.

मेम्फिसहून प्रेत अलेक्झांड्रियाला कोणी आणले, पहिल्या टॉलेमीने की दुसऱ्याने, यावर प्राचीन लेखकांतच मतभेद आहेत. चौथ्या टॉलेमीने इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस शहराच्या मध्यभागी एक मोठे स्मारक उभारून अलेक्झांडर आणि आपले पूर्वज एकत्र ठेवले. म्हणजे अलेक्झांडरला किमान तीन कबरी मिळाल्या: मेम्फिसची, अलेक्झांड्रियातली पहिली आणि हे सामाईक स्मारक. ‘हरवलेली कबर’ असा एकवचनी उल्लेख करणारे ही गोष्ट विसरतात, आणि अर्धे वाद या विसरण्यातून निघतात.

सामाईक स्मारकाविषयी सर्वांत विश्वासार्ह साक्ष भूगोलकार स्ट्रॅबोची. तो इ. स. पू. पहिल्या शतकाच्या अखेरीस काही वर्षे या शहरात राहिला होता. सोमा नावाची ही वास्तू राजवाड्यांच्या परिसराचाच भाग होती, असे तो लिहितो. मूळ सोन्याची शवपेटी नंतरच्या एका टॉलेमीने लुबाडल्यामुळे आता प्रेत काचेच्या पेटीत आहे, हेही तोच सांगतो. पैशाची चणचण भासली की घराण्याच्या मूळ पुरुषाचे सोनेसुद्धा वितळवले जाते. पण प्रेताला हात लावला नाही, हे लक्षात घ्यायला हवे. सोने पुन्हा मिळाले असते, वारसा मिळाला नसता.

रोमन आले आणि वारशाचे गिऱ्हाईक बदलले, एवढेच. ज्यूलिअस सीझर इ. स. पू. ४८ मध्ये कबरीत उतरला. ऑक्टेव्हियनने इ. स. पू. ३० मध्ये प्रेत बाहेर आणवून त्यावर सोन्याचा मुकुट ठेवला, फुले वाहिली. शेजारचे टॉलेमी पाहणार का असे विचारल्यावर, मी राजा पाहायला आलो आहे, मुडदे नव्हे, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. डिओ कॅसिअसने तर लिहून ठेवले आहे की त्याच्या स्पर्शाने प्रेताच्या नाकाचा तुकडा पडला. कॅलिग्युला अलेक्झांडरचे चिलखत घालून मिरवत असे. सेप्टिमिअस सेव्हेरसने सुमारे इ. स. २०० मध्ये देवळांतले गूढ ग्रंथ गोळा करून या कबरीत कोंडले आणि ती बंद करवली. पंधरा वर्षांनी त्याचाच मुलगा कॅराकॅला आला. त्यानंतर नाव घेऊन सांगता येईल असा एकही पाहुणा नोंदलेला नाही.

पुढच्या पावणेदोनशे वर्षांत अलेक्झांड्रियाने जे सोसले ते वाचताना मन विषण्ण होते. २७२ च्या सुमारास सम्राट ऑरेलियनच्या काळातल्या युद्धात राजवाड्यांचा भाग उद्ध्वस्त झाला. २१ जुलै ३६५ ला भूमध्य समुद्रात प्रचंड भूकंप होऊन त्सुनामी आली. समुद्र आधी मागे हटला, मग असा उसळला की जहाजे घरांच्या छपरांवर जाऊन पडली, असे अमियानस मार्सेलिनस लिहितो. ३९१ च्या सुमारास ख्रिस्ती जमावाने सेरापिसचे महामंदिर पाडले. यातल्या नेमक्या कोणत्या घावाने कबर गेली हे सांगणारा पुरावा नाही. उलट लिबानिअस या वक्त्याच्या साधारण ३९० च्या भाषणात अलेक्झांड्रियात त्याचे प्रेत दाखवले जात असल्याचा ओझरता उल्लेख येतो. तो विश्वासार्ह मानला तर प्रेत त्सुनामीतून वाचले आणि नाहीसे झाले ते धर्म बदलला तेव्हा. मला हा क्रम पटतो. देव मानलेल्या राजाचे प्रेत ख्रिस्ती सम्राटाच्या काही उपयोगाचे नव्हते, आणि ज्याचा उपयोग नाही त्याच्या पहाऱ्याला कोण उभे राहणार?

नवव्या-दहाव्या शतकांतले अरब लेखक शहरातल्या जुल-कर्नैनच्या, म्हणजे अलेक्झांडरच्या, मशिदीचा आणि इस्कंदरच्या नावाच्या एका छोट्या वास्तूचा उल्लेख करतात. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला लिओ आफ्रिकानस लिहितो की पडक्या अवशेषांत एक लहानशी वास्तू आहे आणि मुसलमान यात्रेकरू तिथे अलेक्झांडरची कबर म्हणून दर्शनाला येतात. ही परंपरा मूळ जागेची होती की नंतर दुसऱ्याच कुठल्या दगडाला चिकटली, हे ठरवणे कठीण आहे.

या धाग्याचे टोक मात्र आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नेपोलियनच्या फौजेबरोबर १७९८ मध्ये इजिप्तला आलेल्या विद्वानांना अत्तारीन मशिदीच्या आवारात हिरवट-काळ्या दगडाची भव्य शवपेटी आढळली. तळाशी भोके पाडून तिचा पाण्याच्या हौदासारखा वापर झाला होता. स्थानिक लोक ती इस्कंदरची म्हणत. फ्रेंच हरल्यावर ती इंग्रजांनी नेली आणि एडवर्ड डॅनिअल क्लार्क याने १८०५ मध्ये हीच अलेक्झांडरची शवपेटी, असे सांगणारे अख्खे पुस्तक छापले. चित्रलिपी तेव्हा कोणालाच वाचता येत नव्हती. १८२२ मध्ये शाँपोलियोंने ती उलगडली आणि पेटीवरचे नाव पुढे वाचता आले: दुसरा नेक्टानेबो, इजिप्तचा शेवटचा देशी फॅरो. क्लार्कच्या दाव्याला तिलांजली मिळाली.

पण मला वाटते, हा विषय इतक्या लवकर मिटवायला नको होता. नेक्टानेबो इराण्यांच्या स्वारीपुढे पळून गेला, त्याची पेटी रिकामीच राहिली. टॉलेमीने प्रेत घाईने मेम्फिसला आणले तेव्हा फॅरोला साजेशी, तयार आणि रिकामी पेटी कोणती होती? हा प्रश्न अलीकडे अँड्र्यू चग या ब्रिटिश अभ्यासकाने नेटाने मांडला. नेक्टानेबो हाच अलेक्झांडरचा खरा बाप, अशी इजिप्तमध्ये जन्मलेली लोककथाही आहे. या जोडीला दुजोरा देणारा थेट पुरावा नाही. तरीही अलेक्झांड्रियातल्या सामान्य माणसांनी शेकडो वर्षे जे म्हटले ते निव्वळ खोटे होते, असे शाँपोलियोंच्या वाचनातून सिद्ध होत नाही. नाव नेक्टानेबोचे आहे एवढेच सिद्ध होते.

एकोणिसाव्या शतकात शोधाचे केंद्र नबी दानियाल मशिदीकडे सरकले. १८५० मध्ये रशियन वकिलातीतल्या एका दुभाष्याने सांगितले की मशिदीखालच्या तळघरात लाकडी दाराच्या फटीतून त्याला काचेच्या पेटीतले, डोक्यावर मुकुट असलेले प्रेत दिसले. त्याची खातरजमा कोणालाही करता आली नाही. महत्त्वाचे काम केले ते महमूद अल-फलकी या इजिप्शियन अभियंत्याने. १८६० च्या दशकात त्याने खोदून, मोजून प्राचीन अलेक्झांड्रियाच्या आडव्या-उभ्या रस्त्यांचा नकाशा तयार केला. तो आजही सर्वांच्या टेबलावर असतो, त्यावर टीका करणाऱ्यांच्याही. अल-फलकीने कबर मशिदीच्या जागी दाखवली आणि पुढचे अनेक जण तिकडेच वळले. ट्रॉय शोधून काढणाऱ्या श्लीमनने १८८८ मध्ये तिथे खोदण्याची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. नंतर मशिदीखाली पाहणी झाली तेव्हा टॉलेमीकालीन राजस्मारकाचे चिन्ह मिळाले नाही.

मशिदीच्या अगदी जवळ कोम अल-दिक्का ही टेकडी आहे. तिथे १९६० पासून पोलंडच्या पुरातत्त्वज्ञांनी चिकाटीने उत्खनन केले. कबर मिळाली नाही. मिळाले ते रोमन काळाच्या उत्तरार्धातले नाट्यगृह, स्नानगृहे आणि ओळीने बांधलेल्या व्याख्यानशाळा, जिथे विद्यार्थ्यांच्या बसण्याचे दगडी बाक अर्धवर्तुळात आहेत. प्राचीन जगातल्या उच्च शिक्षणाची इतकी शाबूत वास्तू क्वचितच कुठे असेल. ज्यांनी कबरीचा ध्यास न घेता थरामागून थर उलगडले त्यांच्या हाती एक विद्यापीठ लागले, हे मी आवर्जून सांगतो, कारण उलटी उदाहरणेच जास्त गाजतात.

अशी उदाहरणे पाहा. १९९५ मध्ये ग्रीक पुरातत्त्वज्ञ लिआना सुवाल्त्सी यांनी सीवा मरूद्यानात कबर सापडल्याचे जाहीर केले. आपल्याला सीवातल्या आमोन देवाजवळ पुरावे अशी अलेक्झांडरची इच्छा होती, असे प्राचीन लेखक सांगतात, तेव्हा कल्पना अगदीच हवेतली नव्हती. ग्रीस सरकारने पाठवलेल्या तज्ज्ञांना मात्र कबरीचा पुरावा दिसला नाही. २०१४ मध्ये ग्रीसमधल्या अँफिपोलिसच्या टेकाडात कातेरिना पेरिस्तेरी यांच्या पथकाला शिर तुटलेले स्फिंक्स, स्त्रीरूपी खांब आणि पर्सेफोनीच्या अपहरणाचे अप्रतिम मोझेक मिळाले. टेकाडाभोवतीची संगमरवरी भिंत ४९७ मीटर. जगभर एकच प्रश्न: आत अलेक्झांडर आहे का? हाडे तपासल्यावर किमान पाच माणसे निघाली, त्यांत साठी उलटलेली एक स्त्री आणि एक अर्भक. अलेक्झांडर नाही म्हटल्यावर वर्तमानपत्रांचा रस ओसरला. त्या काळातल्या सर्वांत भव्य स्मारकांपैकी एक डोळ्यांपुढे असताना लोक निराश झाले, याचे मला आजही वाईट वाटते.

२०१८ च्या जुलैत खुद्द अलेक्झांड्रियात, सिदी गाबर भागात, इमारतीच्या पायासाठी खणताना काळ्या दगडाची बंद शवपेटी निघाली. वजन सुमारे ३० टन. ती उघडेपर्यंत अलेक्झांडर आणि शाप यांच्या अफवा पृथ्वीभर फिरल्या. आत मुरलेल्या सांडपाण्यात तीन सांगाडे होते.

व्हेनिसचा सिद्धांत वेगळ्या जातीचा आहे. ८२८ मध्ये दोन व्हेनिशियन व्यापाऱ्यांनी अलेक्झांड्रियातून संत मार्कचे अवशेष डुकराच्या मांसाखाली लपवून पळवले. चग यांचा तर्क असा की मार्कची समाधी आणि अलेक्झांडरची कबर शहराच्या एकाच भागात होत्या. तेव्हा चौथ्या शतकात प्रेताला नवे नाव देऊन ते वाचवले गेले असेल. व्हेनिसच्या सान मार्को चर्चच्या पायात मॅसेडोनियन तारेचे शिल्प कोरलेला दगड सापडला आहे, हा त्यांचा दुसरा आधार. कल्पना मोहक आहे, पण मला ती मान्य नाही: चौथ्या शतकातल्या कोणत्याही लेखात या अदलाबदलीची खूण नाही, आणि दगड जहाजाच्या तळाशी वजन म्हणूनही प्रवास करतात.

खोदून तपासावे, तर प्राचीन अलेक्झांड्रिया आजच्या गजबजलेल्या अलेक्झांड्रियाखाली आहे. नेपोलियन आला तेव्हा इथे काही हजारांची वस्ती होती. त्यानंतरच्या शतकात बंदराची भरभराट झाली आणि इमारती भराभर उठल्या, खाली काय आहे ते न पाहता. आज पन्नास लाखांहून अधिक लोक इथे राहतात. प्राचीन काळापासून जमीन खचली आहे, समुद्र चढला आहे, त्यामुळे टॉलेमीकालीन थर भूजलाच्या पातळीखाली गेले आहेत. राजवाड्यांचा काही भाग तर पूर्वेकडच्या बंदरात बुडाला आहे; तिथे फ्रँक गोदियोंच्या पाणबुड्या पथकाने १९९० च्या दशकापासून नकाशे काढले. जमिनीवर पुरातत्त्वज्ञ ज्याँ-इव्ह एंपेरर यांच्या संशोधन केंद्राने जुनी चित्रपटगृहे आणि वाडे पाडले जात असताना, नवा पाया पडण्याआधी मिळेल तेवढ्या मुदतीत खणायचे, अशी पद्धत रुजवली.

आणि समजा, प्रेत मिळालेच, तर ओळखणार कसे? इंग्लंडचा तिसरा रिचर्ड २०१२ मध्ये लेस्टरच्या गाड्यांच्या तळाखाली सापडला. त्याला कोणत्या मठात पुरले हे नोंदलेले होते आणि बहिणीच्या वंशजांशी डीएनए जुळवता आला. अलेक्झांडरचा वंश त्याच्या मुलाबरोबरच संपला. बाप फिलिप याची म्हणून ओळखली जाणारी, व्हर्गिनाला १९७७ मध्ये मानोलिस अँड्रोनिकोस यांना सापडलेली हाडे चितेवर जळालेली आहेत, आणि ती फिलिपचीच की अलेक्झांडरच्या सावत्र भावाची यावरही एकमत नाही. लेख कोरलेली पेटी मिळाल्याशिवाय नुसत्या हाडांवरून कोणीही खात्री देऊ शकणार नाही.

म्हणून माझे मत असे, की प्रेताचा नाद सोडावा आणि वास्तूचा शोध घ्यावा. त्यासाठी एक पुरावा शतकभर उघड्यावर आहे. अलेक्झांड्रियाच्या पूर्व भागात तेरा सांता नावाची कॅथलिक दफनभूमी आहे. तिथे १९०७ मध्ये इव्हारिस्तो ब्रेचिया यांना अलाबास्टरच्या, म्हणजे दुधट, किंचित पारदर्शक दगडाच्या, प्रचंड शिळा सापडल्या. अखिल्ले आद्रियानी यांनी १९३० च्या दशकात त्या जुळवून उभ्या केल्या तेव्हा मॅसेडोनियन थाटाच्या कबरीची बाहेरची खोली तयार झाली. शिळा आतून घोटून गुळगुळीत केलेल्या, बाहेरून ओबडधोबड. म्हणजे वर मातीचे टेकाड रचलेले असणार, जसे व्हर्गिनाला आहे. सीझर टेकाडाखालच्या पोकळीत उतरला, असे कवी लुकन म्हणतो, त्याच्याशी हे जुळते. एवढ्या मोठ्या अलाबास्टर शिळा सामान्य श्रीमंताच्या आवाक्यातल्या नव्हेत. आद्रियानींना ही अलेक्झांडरची कबर वाटली.

आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. शिळांवर लेख नाही. ही जागा अल-फलकीच्या मुख्य चौकापासून बरीच पूर्वेला पडते, आणि ‘शहराच्या मध्यभागी’ या प्राचीन वर्णनात ती बसवायची तर टॉलेमीकालीन शहराच्या सीमा वेगळ्या मानाव्या लागतात. कदाचित ही चौथ्या टॉलेमीच्या सामाईक स्मारकाआधीची कबर असेल, कदाचित एखाद्या टॉलेमी राणीची. पण बाकी साऱ्या दाव्यांत आणि यात एक फरक आहे: इथे राजघराण्याच्या योग्यतेची, योग्य काळातली, योग्य शैलीची वास्तू खरोखर हाताला लागते.

याच बाजूला, शल्लालात बागेत, कॅलिओपी लिम्नेओस-पापाकोस्ता यांचे ग्रीक पथक २००७ पासून खणत आहे. पंप लावून पाणी उपसत ते दहा मीटर खोल गेले, तेव्हा टॉलेमीकालीन रस्ता आणि भिंती मिळाल्या; २००९ मध्ये एक सुंदर संगमरवरी पुतळाही मिळाला, जो अलेक्झांडरचा असल्याचे त्या मानतात. बाग आणि दफनभूमी या दोन्ही जागा राजवाड्यांच्या जुन्या परिसरात किंवा त्याच्या काठावर येतात, आणि दोन्हींवर बहुमजली इमारती नाहीत. विद्युत रोध मोजून जमिनीखालच्या भिंतींचा अंदाज घेणारी यंत्रे आता आहेत, भूजल खाली ठेवण्याची तंत्रे आहेत. तेरा सांताच्या शिळांभोवती, थडग्यांना धक्का न लावता, खोलवर छिद्रे घेऊन मातीचे थर तपासता येतील: टेकाडाची भर तिथे होती का, कबरीच्या आतल्या खोलीचा पाया उरला आहे का, रस्त्यांची जाळी तिथपर्यंत पोचते का. हे काम संथ आणि खर्चाचे आहे आणि त्यातून कदाचित फक्त एका भिंतीची दिशा निश्चित होईल. तरी माझ्या हाती निधी असता तर मी तो प्रथम इथेच लावला असता.